अहवालातलं एकच नाव

"अहवाल तुम्हीच लिहायचा, जगदाळे सर. दरवर्षीसारखा," असं म्हणून मुख्याध्यापिका चारुशीला बाईंनी उपक्रमांची फाईल अमृत सरांच्या टेबलावर ठेवली आणि त्या परीक्षेच्या हॉलकडे निघून गेल्या.

भैरववाडीच्या माध्यमिक विद्यालयात वार्षिक परीक्षेचे शेवटचे पेपर चालू होते. हा अहवाल ज्यात वाचायचा, तो बक्षीस समारंभ खरं तर जानेवारीत व्हायचा. पण जानेवारीत संस्थेच्या अध्यक्षांना सवड नव्हती, फेब्रुवारी-मार्चात ऊसतोडीमुळे गावाला सवड नव्हती, आणि असं करता करता तो एप्रिलच्या शेवटच्या शनिवारावर येऊन ठेपला होता. शाळेचं सबंध वर्ष त्या फाईलमध्ये होतं. अमृत सरांनी ती उघडली आणि पहिल्याच पानावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

एकूण उपक्रम चौदा. त्यातले अकरा विश्वजीतचे.

परसबाग, विश्वजीत साळुंखे. पक्षीनिरीक्षण, विश्वजीत साळुंखे. सौरचूल, मुलांचा आठवडी बाजार, विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यात दुसरा क्रमांक, सगळीकडे साळुंखे आणि साळुंखे. अगदी मुलींची कबड्डीसुद्धा. "विज्ञानाच्या शिक्षकाचा आणि कबड्डीचा संबंध काय?" असं अमृत सरांनी सप्टेंबरातच स्टाफरूममध्ये विचारलं होतं. खेळाच्या सरांची जागा रिकामी आहे, म्हणून विश्वजीत सर शाळा सुटल्यावर तासभर मुलींना खेळवतात, असं उत्तर मिळालं. पुढं तो संघ तालुक्यात पहिला आला तेव्हा फळ्यावर 'हार्दिक अभिनंदन' लिहायची पाळी मराठीचे शिक्षक म्हणून अमृत सरांवरच आली. ते दोन शब्द लिहिताना त्यांनी तीन खडू मोडले.

उरलेल्या तीन उपक्रमांत एक बाईंचा पालक मेळावा, एक ग्रामपंचायतीचं वृक्षारोपण, आणि एक अमृत सरांची हस्ताक्षर स्पर्धा. तिच्यात नऊ मुलांनी भाग घेतला होता आणि त्यातली चार एकाच घरातली होती.

अमृत आणि विश्वजीत एकवीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी शाळेत रुजू झाले. दोघंही एकाच आळीत राहायचे आणि एकाच मोटारसायकलवरून शाळेत यायचे. गाडी विश्वजीतची, त्यामुळं चालवायचा तो आणि मागं बसायचे अमृत सर. घरापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटरच्या रस्त्यावर जो दिसेल तो हात वर करायचा. उसाला पाणी पाजणारा गडी हात वर करायचा, डेअरीवरच्या बायका हात वर करायच्या, गेल्या दहा वर्षांत शाळा सोडून गेलेली पोरं तर ट्रॅक्टरवरून उभी राहून हात वर करायची. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अमृत सरही हात वर करत. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यांची नजर त्यांच्या पुढं दीड फुटावर थांबते. तेव्हापासून ते दोन्ही हात मांडीवर ठेवून विश्वजीतच्या मानेकडं बघत बसत.

ते याला हेवा म्हणत नसत. हेवा हलक्या माणसांना वाटतो. ते याला 'तत्त्वाचा प्रश्न' म्हणत.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि लिहिलं, 'श्री. विश्वजीत साळुंखे यांनी परसबाग फुलवली.' मग पेन थांबलं. दुसऱ्या वाक्यात पुन्हा साळुंखे येणार होते, तिसऱ्यात पुन्हा. अकरा वेळा ते नाव आपल्याच अक्षरात लिहायचं, आणि मग भर मांडवात आपल्याच तोंडानं वाचायचं! अमृत सरांनी खिडकीबाहेर बघितलं, पाणी प्यायले, पेनाचं टोपण चावलं. आणि मग नववीला व्याकरण शिकवण्यात घालवलेली एकवीस वर्षं एकदम कामाला आली. त्यांनी वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं : 'परसबाग फुलविण्यात आली.'

वाक्याकडं ते बघतच राहिले. बाग तशीच होती, फुललेली होती, फक्त फुलवणारा नाहीसा झाला होता. खोटं काही नव्हतं. सरकारी कागदात नेमकी हीच भाषा असते. मग पेन असं काही सुटलं, की विचारू नका. पक्षीनिरीक्षण करण्यात आले. सौरचूल बनविण्यात आली. आठवडी बाजार भरविण्यात आला. कबड्डीत विजय संपादन करण्यात आला. बाईंचा मेळावाही घेण्यात आला आणि ग्रामपंचायतीची झाडंही लावण्यात आली. उगाच पक्षपात नको. शेवटी हस्ताक्षर स्पर्धा आली, तेव्हा मात्र त्यांनी पेन झटकून नीट धरलं आणि लिहिलं : 'विद्यालयाचे ज्येष्ठ मराठी अध्यापक श्री. अमृत जगदाळे यांनी अत्यंत परिश्रमपूर्वक हस्ताक्षर स्पर्धेचे यशस्वी आयोजन केले.'

बायकोला, क्रांतीला, त्यांनी सगळा अहवाल वाचून दाखवला. ती मेथी निवडत ऐकत होती.

"मग ही बाग फुलवली कुणी?" तिनं विचारलं.

"विद्यालयानं."

"आन् पाखरं बघितली कुणी?"

"विद्यालयानंच."

"अक्षराची स्पर्धा?"

"ती मी घेतली."

क्रांतीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हंजे आख्ख्या शाळंत मास्तर तुमी एकटंच हाय व्हय?"

"तुला अहवालाच्या भाषेतलं काही कळत नाही," अमृत सर म्हणाले आणि त्यांनी कागद गोळा केले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अहवाल वाचला. त्या मूळच्या वाईच्या, भाषा स्वच्छ आणि चष्म्यावरून बघण्याची सवय. "विश्वजीत सरांचं नाव कुठंच नाही?"

"बाई, अहवाल वस्तुनिष्ठ असावा. माणूस महत्त्वाचा नाही, काम महत्त्वाचं."

बाईंनी शेवटचं पान उलटलं. "हस्ताक्षर स्पर्धेत मात्र..."

"तिथं वाक्य फार बोडकं वाटत होतं."

बाईंनी पुन्हा पहिलं पान काढलं. अमृत सरांनी आपल्या बाजूचे चार मुद्दे तयार ठेवले होते. ते जिभेवर येऊन थांबले होते. पण बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. राहू दे असंच. कदाचित हेच ठीक होईल." आणि त्यांनी सही करून टाकली.

अहवालाची प्रत स्टाफरूममध्ये फिरली. विश्वजीत तो वाचत होता तेव्हा अमृत सर पेपर तपासायचं नाटक करत होते. एकाच उत्तराला त्यांनी दोनदा गुण दिले. विश्वजीतनं शेवटचं पान वाचलं, कागद नीट घडी घालून ठेवले, आणि उठून येऊन अमृत सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अमृत," तो म्हणाला, "लय मोठं मन हाय गड्या तुझं."

एवढंच बोलून तो बाहेर निघून गेला. अमृत सरांना दिवसभर तो टोमणा टोचत राहिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तावातावानं चार शब्द बोलला असता, तर आपणही आठ बोललो असतो. पण हा माणूस रागवायचं काम करतानासुद्धा आपल्यापेक्षा मोठा दिसणार! त्यांना त्या दिवशी विश्वजीतच्या मोठेपणाचासुद्धा हेवा वाटला.

शनिवारी सकाळी मांडव भरला. पाव्हणे म्हणून संस्थेचे अध्यक्ष नाथाजीआप्पा स्वतः सांगलीहून आले. आप्पा फौजेत सुभेदार होते. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून आल्यावर त्यांनी संस्थेचा कारभार हातात घेतला, तोही पलटणीसारखाच. पांढऱ्या मिशा, कडक फेटा आणि प्रत्येक वाक्य हुकमासारखं.

अमृत सरांनी अहवाल वाचला. वाचन त्यांचं झकास होतं, ते कुणी नाकारू शकत नव्हतं. फुलविण्यात आली, करण्यात आले, भरविण्यात आला, असं घुमवत घुमवत ते शेवटाला आले. स्वतःच्या नावाआधी ते क्षणभर थांबले, पहिल्या रांगेकडं बघितलं आणि मग ते नाव सावकाश उच्चारलं. टाळ्या पडल्या. नऊ स्पर्धकांनी वाजवल्या असतील तेवढ्या.

मग आप्पा भाषणाला उठले.

"म्या अठ्ठावीस साल फौजेत रिपोर्ट ऐकलेत," त्यांनी माईक दणादणा वाजवून सुरुवात केली. "आज बी कान लावून ऐकला. बाग झाली, पाखरं झाली, चूल झाली, पोरींनी कबड्डी मारली. म्या वाट बघतोय, नाव कवा येतंय, नाव कवा येतंय. आन् सगळ्यात शेवटाला एकच नाव आलं! अमृत जगदाळे!"

अमृत सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"आवं, एवढं सगळं ज्यानं केलं, त्यानं आपलं नाव कुठं लावलं? अक्षराच्या स्पर्धेला! बाकी समद्या ठिकाणी सोत्ताला पुसून टाकलं! ह्याला म्हंत्यात सच्चा जवान. काम करून मागं सरणारा. उठा मास्तर, उठा! बघू द्या लोकास्नी!"

अमृत सर उठले. खरं सांगायलाच आपण उठलो होतो, असं पुढं ते शपथेवर सांगत. 'आप्पा, थोडा गैरसमज होतोय,' हे वाक्य त्यांच्या तोंडात तयारही होतं. पण तेवढ्यात सबंध मांडव टाळ्या वाजवू लागला. एकवीस वर्षांत असा आवाज त्यांच्यासाठी कधी झाला नव्हता. तो अंगावरून अशा लाटेसारखा गेला, की वाक्य आतल्या आत विरघळलं. आणखी एक क्षण थांबू, टाळ्या संपल्या की सांगू, असं त्यांनी ठरवलं. टाळ्या संपायच्या आत आप्पांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. शाल पडल्यावर गैरसमजाचं बोलायचं म्हणजे शाल काढायला हवी होती. ते बसले.

त्यांनी चोरून विश्वजीतकडं बघितलं. विश्वजीत सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता, त्याचं बघून गावही वाजवत होतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"चला मास्तर," आप्पा व्यासपीठावरून उतरत म्हणाले, "तुमची बाग दावा आमाला."

सबंध गाव मागं, आप्पा पुढं आणि आप्पांच्या शेजारी शालीत घामाघूम झालेले अमृत सर, अशी वरात शाळेच्या मागच्या अंगाला निघाली. परसबागेत अमृत सर वर्षभरात एकदाच गेले होते, तेही चुकून, पडलेली छत्री शोधायला.

"ही काय लावलीय?" आप्पांनी काठीनं एक वाफा दाखवला.

"कोथिंबीर," अमृत सर ठामपणे म्हणाले.

आप्पा वाकले आणि त्यांनी एक रोप उपटलं. खाली लालभडक गाजर निघालं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. नववीतली सृष्टी, जी त्या बागेची प्रमुख होती, पुढं होऊन घाईनं म्हणाली, "सर, तुमी त्या पल्याडच्या वाफ्याचं सांगताय न्हवं? त्यो कोथमिरीचा हाय."

"तेच ते," अमृत सर म्हणाले.

"मास्तर दमल्यात," आप्पा समजुतीनं म्हणाले. "आन् पाखरं? पाखरांची वळख करून द्या." कुंपणाच्या तारेवर एक करडा पक्षी शेपटी हलवत बसला होता. "ह्यो कोण?"

मराठीच्या माणसाला इथं कावळा, चिमणी, पोपट आणि कवितेतला चातक एवढेच पक्षी माहीत होते. हा त्यांतला नव्हता. "स्थलांतरित आहे," अमृत सर म्हणाले.

पक्ष्यानं तेवढ्यात स्थलांतर केलं आणि तो समोरच्या मुतारीच्या भिंतीवर जाऊन बसला. सृष्टी ओढणीत तोंड लपवून म्हणाली, "सर, वटवट्या हाय त्यो. हितलाच हाय."

शेवटी सौरचूल आली. अंगणात भर उन्हात ती चमकत होती आणि आत मुलांनी पाव्हण्यांसाठी शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. चुलीत जाळ नाही, म्हणजे भांडं गार असणार, अशा समजुतीनं अमृत सरांनी रुबाबात झाकण उचललं. मग त्यांच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो मराठीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. विश्वजीत धावत आला, त्यानं त्यांची बोटं पाण्यात बुडवली आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, सरांनी पोरांसाठी कवा बोटांची पर्वाच केली न्हाई बघा."

"दिसतंयच की!" आप्पा भारावून म्हणाले. आणि मग, जणू त्या भाजलेल्या बोटांवरच त्यांचा निर्णय टेकला होता, ते गर्दीकडं वळले.

"मंडळी, ऐका. माण तालुक्यात आपली एक शाखा हाय, दहिवडीच्या पलीकडं. पाण्याचे हाल, माणसं मुंबईला, पोरं मेंढरामागं. पट एकशेवीसावरनं एक्केचाळीसवर आलाय. पुढच्या साली शाळा बंद करावी लागंल. तिथं मला ह्योच माणूस पाहिजे! जूनपासनं जगदाळे मास्तर तिकडं. सोमवारी सांगलीच्या हापिसातनं ऑर्डर निघंल. जय हिंद!"

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळी अमृत सरांना त्यातली एकही ऐकू आली नाही.

मांडव रिकामा झाल्यावर, बोटांना टूथपेस्ट फासून, ते बाईंच्या केबिनमध्ये गेले. "बाई, काहीतरी करा. मी... मला नाही जमणार."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "जगदाळे सर, आता तुमच्यापासून काय लपवायचं? महिन्यापूर्वीच सांगलीहून पत्र आलं होतं. सगळ्यात जास्त उपक्रम करणारा शिक्षक माणला पाठवायचाय, अहवाल ऐकून अध्यक्ष स्वतः निवडतील, असं. विश्वजीत सर त्या दिवसापासून नीट जेवले नाहीत. त्यांच्या आईची तब्येत तुम्हाला माहीत आहेच, मुलाशिवाय कुणाच्या हातचं औषध घेत नाहीत त्या. त्यांनी मला विनवलं, माझं नाव अहवालात घेऊ नका. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुमचा अहवाल आला." त्यांनी चष्मा घातला आणि प्रथमच त्याच्यातून, वरून नव्हे, अमृत सरांकडं बघितलं. "मित्रासाठी तुम्ही एवढं केलंत. मला तर वाटलं, त्यांनीच तुम्हाला सांगितलं असेल."

"नाही," अमृत सर म्हणाले.

"म्हणजे न सांगता ओळखलंत!"

इथं खरं बोलायचं म्हणजे 'मी जळत होतो' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. अमृत सरांनी ते जुळवून बघितले. मग ते "येतो" म्हणून बाहेर पडले.

संध्याकाळी विश्वजीतची बायको राजेश्वरी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन घरी आली. बरोबर काठी टेकत टेकत विश्वजीतची आई मनुबाई. म्हातारीनं अमृत सरांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. "ल्येका, माझं पोरगं माझ्याजवळ ठिवलंस. तू परका न्हाईस, माझ्या पोटचाच हायस तू."

राजेश्वरी पदरानं डोळे पुसत होती. क्रांती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अहवाल लिहिला त्याच दिवशी तिनं तो ऐकला होता. मंडळी गेल्यावर तिनं पुरणपोळीवर तूप वाढलं आणि विचारलं, "घ्या. त्यागमूर्तींना अजून वाढू का?"

अमृत सरांनी ती पोळी तशीच बाजूला सारली. हा प्रकार त्यांना सहन होईना. शिक्षा झाली असती तर त्यांनी निमूट भोगली असती. पण शिक्षेला त्याग म्हणून हार घालायचे, हे फार होतं. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी विश्वजीतला पाटाच्या कडेला गाठलं. तो उसाला पाणी देत होता.

"विश्वजीत, ऐक. एक खरं सांगायचंय."

"बोल की."

"तुझं नाव मी मुद्दाम गाळलं."

"ते म्हायती हाय गड्या मला."

"तसं नव्हं! तुझ्यासाठी न्हाई गाळलं. मला तुझा हेवा वाटत हुता. एकवीस वर्षं वाटतोय. अकरा ठिकाणी तुझं नाव लिहायला माझा हात उठंना, म्हणून गाळलं. माणचं मला काय बी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर अकराच्या जागी बावीस येळा लिहिलं असतं!"

विश्वजीतनं फावडं खाली ठेवलं. अमृत सर वाट बघत उभे राहिले. आता तो शिव्या देईल, धक्का देईल, कदाचित चिखलात पाडेल, आणि मग सगळं मोकळं होईल. विश्वजीतनं ओल्या हातानं त्यांचा दंड धरला.

"मला उपकाराचं वझं वाटू न्हाई म्हणून सोत्ताला एवढं हलकं करून घेतोस व्हय रं?" त्यानं मान हलवली. "असला माणूस म्या बघितला न्हाई."

"अरे, खरं सांगतोय मी! आईशपथ!"

"शपथ नगं घिऊ. खोट्यासाठी शपथ घितल्याली बरी न्हवं."

अमृत सरांनी पाटातल्या पाण्याकडं बघितलं. त्यात उडी टाकावी, तर पाणी घोट्याएवढंच होतं.

दोन दिवसांत हा कबुलीजबाबसुद्धा गावभर झाला. जगदाळे मास्तर मित्राचं मन हलकं व्हावं म्हणून स्वतःवर आळ घेत फिरतात, असं डेअरीवर सांगितलं जाऊ लागलं. ऐकणारे मान हलवत.

निकालाच्या दिवशी अमृत सरांचा निरोप समारंभ झाला. आजवर शाळेतून बदलून गेलेल्यांना एक नारळ आणि एक गुलाबाचं फूल मिळायचं. अमृत सरांसाठी गावानं पुन्हा मांडव घातला. भजनी मंडळ आलं. माजी विद्यार्थी आले, ज्यांनी त्यांच्या तासाला वर्षानुवर्षं बाकाखाली चिंचा खाल्ल्या होत्या. सृष्टी बोलायला उभी राहिली, "सर आमचं अक्षर बघून वैतागायचे, पण वही कधी तशीच परत दिली न्हाई. प्रत्येक शब्द हातानं सुधारून द्यायचे," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. तिचं बघून पुढची रांग रडली. अमृत सर सुरुवातीला अवघडून बसले होते. पण वह्यांचं ते ऐकल्यावर त्यांच्या मनात आलं, की अरे, हे मात्र खरं आहे. हे मी केलं होतं. मग त्यांचाही रुमाल निघाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले. सामान टेम्पोनं पुढं गेलं होतं, क्रांती घर लावायला दोन दिवस आधीच गेली होती. कराडच्या स्टँडवर दहिवडीची गाडी लागली होती. विश्वजीत सोडायला आला. त्यानं पिशवी वर ठेवून दिली, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. गाडी जुनी होती. तिचा पत्रा न् पत्रा थरथरायला लागला.

विश्वजीत काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळत होता. शेवटी खिडकीचा गज धरून, खाली बघत, तो पुटपुटला, "एक सांगू? रागवू नगंस. त्या दिवशी मांडवात बसलो हुतो न्हवं, तवा मनात आलं... एकवीस वर्षं म्या बी राबलो, पण माझ्यासाठी असं कवा कोण रडलं न्हाई. तुझा लय हेवा वाटला गड्या मला. अजून बी वाटतोय."

अमृत सरांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. इंजिनाच्या आवाजातून, फेरीवाल्यांच्या ओरडण्यातून, स्टँडवरच्या कर्ण्यातून, अगदी वेलांटी-उकारासकट ऐकू आला. त्यांनी सावकाश मान बाहेर काढली आणि कानामागं हात धरला.

"काय म्हणालास?"

"हेवा वाटला म्हटलं!"

"काय ते ऐकू येईना बघ. लय आवाज आहे. जरा मोठ्यानं बोल की!"

विश्वजीतनं आजूबाजूला बघितलं. कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी हलली. तेव्हा त्यानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि जीव खाऊन ओरडला, "तुझा मला हेवा वाटतो रं, अमृत!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. गाडीतले प्रवासीही खिडक्यांतून वाकले. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं अमृत सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ओठ पुढं काढले आणि विचारलं, "कोण हायसा जी तुमी? मोठं सायेब हाय का?"

"छे हो, साधा मराठीचा मास्तर आहे," अमृत सर म्हणाले, आणि वळणाआड दिसेनासा होईपर्यंत त्यांनी विश्वजीतला खिडकीतून हात केला. मग सीटवर मागं रेलून, तिकीट काढायचंसुद्धा भान न राहता, ते गाडीच्या टपाकडं बघत हसत राहिले.